इमारत कोणाची, वीजबिल कोणाचे : एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या नूतनीकरणाचा इतिहास

न्यूयॉर्कच्या पाचव्या अव्हेन्यूवर, चौतिसाव्या रस्त्याच्या नाक्यावर उभी असलेली एम्पायर स्टेट बिल्डिंग बहुतेकांना ठाऊक असते ती तिच्या उंचीमुळे. १०२ मजले, छतापर्यंत ३८१ मीटर आणि जवळजवळ चार दशके जगातल्या सर्वांत उंच इमारतीचा मान, एवढे सांगितले की तिची ओळख पुरी झाली असे मानतात. स्मरणिकांमध्ये तिच्यावर लिहिणारेही पोलादाचे टन, विटांची संख्या आणि ढगांच्या उंचीवर काम करणारे मजूर यांतच रमतात. या लेखात तिच्याकडे एक संस्था म्हणून पाहायचे आहे. संस्था म्हणजे जमिनीचा कागद कोणाकडे, कारभार कोण पाहतो, भाडे कोण गोळा करतो, खिडकीशी बसून काम कोण करतो आणि या सगळ्यांनी मिळून जाळलेल्या विजेचे पैसे कोण भरतो, या नात्यांची घडी. २००९ ते २०११ या काळात या इमारतीत जे काम झाले, त्यातून तिचा वीज आणि वाफेवरचा खर्च सुमारे ३८ टक्क्यांनी उतरावा अशी आखणी होती आणि पुढच्या वर्षांतल्या मोजणीने ती खरी ठरवली. त्याचे श्रेय सहसा तंत्रज्ञानाला दिले जाते. पण त्यातले जवळजवळ प्रत्येक तंत्र बाजारात आधीपासून मिळत होते. अडले होते ते मालकीपाशी. मालकीची घडी नीट बसली आणि बचत कोणाच्या खिशात जाणार हे ठरले, तेव्हाच या इमारतीचे नूतनीकरण शक्य झाले. माझे हे म्हणणे तिच्या इतिहासातूनच दाखवता येते.

सुरुवातीला ही घडी अगदी सरळ होती. जॉन रास्कॉब हा जनरल मोटर्समधला अर्थकारणी, आणि न्यूयॉर्क राज्याचे माजी गव्हर्नर अल स्मिथ हे कंपनीचे अध्यक्ष. जुन्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलची जागा घेऊन या मंडळींनी १७ मार्च १९३० रोजी बांधकाम सुरू केले आणि १ मे १९३१ रोजी इमारत खुली केली. श्रीव्ह, लॅम्ब अँड हार्मन या कार्यालयातले विल्यम लॅम्ब हे तिचे रचनाकार. त्यांनी केलेली एक गोष्ट पुढच्या सगळ्या कथेला महत्त्वाची आहे. लिफ्ट, स्वच्छतागृहे, नळांचे मार्ग हे सगळे मधोमध दाटीने बसवून त्यांनी कचेऱ्यांची जागा भोवताली ठेवली, आणि तिची खोली खिडकीपासून २८ फुटांपर्यंतच मर्यादित केली. वातानुकूलन नव्हते, दिव्यांचा उजेड मंद होता. तेव्हा कारकुनाच्या टेबलावर दिवसाचा उजेड पोचला पाहिजे आणि खिडकी उघडली की वारा आला पाहिजे, हा साधा हिशेब त्यामागे होता. पर्यावरणाचा विचार म्हणून हे कोणी केले नाही. भाड्याने जाईल अशीच जागा बांधायची, हा धंद्याचा नियम होता. परंतु आज ऊर्जा वाचवणारी इमारत म्हणून जे सांगितले जाते, त्याचा मोठा भाग या नकाशात १९३० सालीच आखलेला होता. नंतरच्या पिढ्यांनी मधे भिंती घालून, छते खाली आणून आणि दिवसाढवळ्या दिवे लावून तो झाकून टाकला.

महामंदीच्या ऐन भरात उघडल्यामुळे इमारत बरीच वर्षे अर्धीअधिक रिकामी राहिली. लोक तिला रिकामी इमारत म्हणून हिणवत. पहिल्या वर्षी निरीक्षण-सज्ज्यावर येणाऱ्या प्रेक्षकांच्या तिकिटांतून जवळपास भाड्याइतकीच रक्कम जमली, यावरून भाड्याची अवस्था कळते. १९४५ च्या जुलैमध्ये धुक्यात वाट चुकलेले लष्करी बॉम्बर विमान ७९ व्या मजल्याजवळ आदळून १४ माणसे गेली, तेव्हाही सांगाडा ढळला नाही. नफा दिसायला १९५० चे दशक उजाडावे लागले, आणि नफा दिसू लागताच विक्रीही सुरू झाली.

१९५१ मध्ये रास्कॉब यांच्या वारसांकडून इमारत एका गटाने विकत घेतली आणि तिच्याखालची जमीन प्रुडेन्शियल या विमा कंपनीकडे गेली. तीन वर्षांनी शिकागोच्या हेन्री क्राउन यांच्या गटाकडे ताबा गेला. १९६१ मध्ये लॉरेन्स वीन यांनी ६ कोटी ५० लाख डॉलरचा व्यवहार घडवून आणला, आणि त्या व्यवहाराचा आराखडा नीट समजून घेतला पाहिजे. कागदोपत्री मालकी प्रुडेन्शियलकडे. तिच्याकडून ११४ वर्षांचा पट्टा घेणारी संस्था म्हणजे सुमारे ३,३०० छोट्या गुंतवणूकदारांचा समूह. प्रत्येकाने १०,००० डॉलर घालून एकूण ३ कोटी ३० लाख जमवलेले. या समूहाकडून पोटपट्ट्याने इमारत चालवणारी तिसरी संस्था, जिच्यात वीन यांच्याबरोबर हॅरी हेम्सली होते. रोजचा कारभार हेम्सलींच्या व्यवस्थापन कंपनीकडे. आणि सगळ्यांच्या खाली, एकेका खोलीचे, दोन खोल्यांचे शेकडो भाडेकरू. कायद्याच्या आणि कराच्या दृष्टीने ही रचना चतुर होती, आणि छोट्या गुंतवणूकदारांना तिने दर वर्षी पैसे दिले. मात्र २० वर्षांनी फळ देणारा खर्च आज कोणी करायचा, या प्रश्नाला तिच्यात उत्तर नव्हते. वरच्या मालकाला ठरलेले अल्प भाडे मिळणार, इमारत कशीही चालो. ३,३०० जणांना वार्षिक वाटा हवा. पोटपट्टेदाराला आपल्या हिश्शातून खर्च करून फायदा वर वाटावा लागणार. आणि भाडेकरू तर उद्या जाणारा.

याच दशकांत इमारतीत वातानुकूलन आले, तेही तुकड्या-तुकड्यांनी. कोणाच्या कचेरीत खिडकीतले यंत्र, कोणाच्या मजल्यावर वेगळी व्यवस्था. नंतर मध्यवर्ती शीतयंत्रे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सगळ्या खिडक्या बदलून दुहेरी काचा बसवल्या गेल्या. म्हणजे काहीच झाले नाही असे नव्हे. झाले ते एकेक भाग बिघडला, जुना झाला, तक्रार आली तसे झाले. संपूर्ण इमारत एक यंत्रणा म्हणून कोणी तपासली नाही. त्याच काळात मालकीचा गुंता आणखी वाढला. १९९१ मध्ये प्रुडेन्शियलने आपला हक्क विकला. खरेदीमागे जपानी उद्योगपती हिदेकी योकोई होते. १९९४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प त्यात भागीदार झाले, आणि इमारतीची हेळसांड होते आहे या कारणावरून पट्टा रद्द करावा यासाठी त्यांनी पट्टेदारांवर दावा लावला. तो दावा टिकला नाही, पण वर्षे गेली. अखेर २००२ मध्ये वीन यांचे जावई पीटर माल्किन यांच्या नेतृत्वाखालच्या गुंतवणूकदार-समूहाने ५ कोटी ७५ लाख डॉलर देऊन कागदोपत्री मालकी मिळवली, आणि २००६ च्या सुमारास रोजचा कारभारही हेम्सलींच्या जुन्या कंपनीकडून माल्किन कुटुंबाकडे आला. मालकीचा कागद, पट्टा आणि कारभार एका हातात येण्यास ४५ वर्षे लागली. त्यानंतर तीन वर्षांच्या आत नूतनीकरणाची घोषणा झाली. हा योगायोग मला वाटत नाही.

मुंबईच्या वाचकाला हा गुंता परका वाटू नये. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने गोठवलेली भाडी, पागडीवर हात बदलणारे गाळे, डागडुजीसाठी मालकाकडे पैसे नाहीत आणि भाडेकरूला हक्क सोडवत नाही, अशी स्थिती दक्षिण मुंबईतल्या किती तरी जुन्या व्यापारी इमारतींची झाली. काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. १८६० च्या दशकात इंग्लंडहून आणलेल्या ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर वॉटसन हॉटेल म्हणून ती उभी राहिली. १८९६ मध्ये ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातला पहिला खेळ तिथेच झाला. पुढे ती वकिलांच्या आणि छोट्या व्यावसायिकांच्या कचेऱ्यांनी भरली. २००५ मध्ये तिचा काही भाग कोसळला, आणि २०१९ मध्ये धोकादायक म्हणून ती रिकामी करावी लागली. लोखंडी सांगाडा कसा दुरुस्त करायचा याचे ज्ञान या शहरात नव्हते असे नाही. दुरुस्तीचा खर्च कोणी सोसायचा आणि दुरुस्तीनंतर लाभ कोणाचा, यावर एकमत नव्हते. न्यूयॉर्क आणि मुंबई यांच्यात पैशाची, कायद्याची, हवेची कितीही तफावत असली तरी जुन्या व्यापारी इमारतीचा मूळ आजार दोन्हीकडे एकच दिसतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. २००८ च्या सुमारास मालकांपुढे ५० कोटी डॉलरहून मोठा सर्वंकष दुरुस्तीचा कार्यक्रम होता : लॉबी, लिफ्ट, विद्युतजाळे, निरीक्षण-सज्जा, सगळेच. ऊर्जेशी संबंधित कामांसाठी त्यातले ९ कोटी ३० लाख डॉलर धरलेले होते. पीटर यांचे पुत्र अँथनी माल्किन यांनी क्लिंटन क्लायमेट इनिशिएटिव्ह, जॉन्सन कंट्रोल्स, जोन्स लँग लासाल आणि रॉकी माउंटन इन्स्टिट्यूट अशा चार संस्थांना एका टेबलाशी बसवले. त्यांनी साठाहून अधिक उपाय तपासले आणि अखेरीस आठ ठेवले. या तपासणीतली सगळ्यांत शहाणी गोष्ट म्हणजे कामांचा क्रम. आधीच्या आराखड्यात शीतयंत्रे, म्हणजे चिलर, बदलून मोठी करायची होती. गळका माठ बदलण्याऐवजी नळाला मोठी तोटी लावण्यासारखे ते झाले असते. नव्या गटाने उलट दिशेने सुरुवात केली. उन्हाळ्यात बाहेरून किती उष्णता आत येते, हिवाळ्यात किती बाहेर जाते, दिवे आणि संगणक आत किती उष्णता ओततात, हे आधी मोजायचे. मग ती गरज घटवायची. आणि उरलेल्या गरजेला पुरेल एवढेच यंत्र ठेवायचे. सगळी कामे एका मालकाच्या अंदाजपत्रकात असल्याशिवाय हा क्रम लावताच येत नाही. खिडकीचा खर्च एकाचा आणि चिलरचा दुसऱ्याचा असता, तर खिडकीवाल्याने चिलरवाल्याच्या बचतीसाठी पैसे का घालावे?

खिडक्यांचे काम जवळून पाहण्यासारखे आहे. इमारतीला ६,५१४ खिडक्या, म्हणजे सुमारे २६,००० काचा. त्या अठरा-एकोणीस वर्षांपूर्वीच बसवलेल्या, सुस्थितीत असलेल्या दुहेरी काचा होत्या. त्या टाकून नव्या आणणे म्हणजे चांगला माल कचऱ्यात घालणे. शिवाय १९८१ पासून इमारतीचा बाह्यभाग न्यूयॉर्क शहराच्या वारसा-संरक्षणाखाली असल्याने बाहेरून दिसणारे रूप बदलता येत नव्हते. म्हणून पाचव्या मजल्यावरच एक छोटा कारखाना थाटला गेला. कचेऱ्या सुटल्यावर रात्री माणसे खिडक्यांची तावदाने काढत आणि ती खाली येत. तिथे दोन काचा एकमेकींपासून सोडवायच्या, मधली जुनी पट्टी आणि चिकटवण खरवडून काढायचे, काचा धुऊन स्वच्छ करायच्या. मग दोहोंच्या मधे उष्णता परतवणारा लेप दिलेला पारदर्शक पडदा ताणायचा. भट्टीत तापवला की तो आक्रसून सुरकुतीविना ताठ होतो. उरलेल्या पोकळीत हवेऐवजी आर्गॉन आणि क्रिप्टॉन वायूंचे मिश्रण भरायचे, कडा बंद करायच्या आणि तावदान पुन्हा आपल्या चौकटीत. काच आणि चौकट मिळून जवळजवळ ९६ टक्के सामान पुन्हा वापरले गेले. दुहेरी काचेची खिडकी तिहेरी काचेहूनही चांगले काम करू लागली, आणि तेही नव्या खिडकीच्या निम्म्याहून कमी खर्चात. सामान ट्रकमध्ये भरून गावाबाहेरच्या कारखान्यात नेण्याचा आणि परत आणण्याचा खर्च, धूर, काचा फुटण्याची धास्ती, हे सगळे टळले. मार्च ते ऑक्टोबर २०१० या महिन्यांत हे काम उरकले, आणि कचेऱ्या बंद ठेवाव्या लागल्या नाहीत. भाड्याने गेलेल्या इमारतीत काम करताना हीच सगळ्यांत अवघड अट असते.

खिडकीखाली वाफेवर चालणारे रेडिएटर. बाहेरच्या भिंतीला लागून असल्याने त्यांची बरीच उष्णता भिंतीतून रस्त्यावर जात असे. प्रत्येक रेडिएटरच्या मागे उष्णतारोधक आणि उष्णता आत परतवणारा थर बसवला गेला. दिव्यांची आणि वायुवीजनाची यंत्रणा माणसांच्या वावराप्रमाणे कमी-जास्त होईल अशी केली गेली. या सगळ्यामुळे ऐन उन्हाळ्यातली थंडाव्याची कमाल गरज सुमारे एक तृतीयांशाने उतरली, आणि मोठी शीतयंत्रे आणण्याचा विचार सोडून आहेत त्यांच्याच पोटातले भाग नवे करून, बाहेरचे कवच तेच ठेवून, काम भागले. एवढ्या एका निर्णयाने १ कोटी ७४ लाख डॉलरचा भांडवली खर्च वाचला. तो पैसा खिडक्या आणि रेडिएटर यांच्याकडे वळवता आला. ऊर्जाकामांचा एकूण खर्च ९ कोटी ३० लाखांवरून सुमारे १० कोटी ६० लाखांवर गेला, म्हणजे वाढ १ कोटी ३२ लाखांची. आणि वर्षाला १ कोटी १४ लाख डॉलरच्या ऊर्जाखर्चातून ४४ लाख वाचावेत असा अंदाज बांधला गेला. तीन वर्षांत फिटणारी ही गुंतवणूक झाली.

या आकड्यांवर एक रास्त आक्षेप आहे, आणि तो टाळून चालणार नाही. तीन वर्षांत परतफेड ही गोष्ट १ कोटी ३२ लाखांच्या वाढीव खर्चावर मोजलेली आहे, १० कोटी ६० लाखांवर नाही. सगळा खर्च धरला तर परतफेड पंचवीस वर्षांच्या घरात जाते. मग हा हिशेब फसवा आहे का? माझ्या मते नाही. पण तो कोणत्या अटीवर खरा आहे ते नीट सांगितले पाहिजे. ९ कोटी ३० लाख खर्च होणारच होते, कारण यंत्रे वयाने संपत आली होती. ज्या इमारतीत यंत्रे नुकतीच बदललेली आहेत, तिच्यात हेच काम केले तर परतफेड फार लांबेल. म्हणून नूतनीकरण कधी करायचे याचे उत्तर इमारतीच्या स्वतःच्या वेळापत्रकात असते : छत बदलायचे वर्ष, चिलरचे आयुष्य संपण्याचे वर्ष, मोठा भाडेकरार सुटण्याचे वर्ष. हे वेळापत्रक ज्याच्या हाती आहे आणि ज्याला पुढची वीस वर्षे तिथेच राहायचे आहे, त्यालाच ही संधी साधता येते. आक्षेप खरा असल्याने माझ्या मुद्द्याला बळच मिळते.

दुसरा आक्षेप नेहमी ऐकू येतो : जगप्रसिद्ध इमारत, तिकिटांचे वेगळे उत्पन्न, पाठीशी माजी राष्ट्राध्यक्षांची संस्था, सामान्य इमारतीला याचा काय उपयोग? यातला पहिला भाग मान्य. इतक्या संस्था एका टेबलाशी येणे हे प्रसिद्धीचेच फळ होते. पण वापरलेले उपाय साधेच होते. मुंबईत फोर्टमधले गोदरेज भवन १९७२ मध्ये बांधलेले, आकाराने एम्पायर स्टेटच्या एका कोपऱ्यात मावेल असे. २०१० मध्ये तिथे वातानुकूलन, दिवे आणि नियंत्रणव्यवस्था यांत सुधारणा झाल्या. पुढे हैदराबादच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजने अमेरिकेतल्या एका पर्यावरण संस्थेबरोबर केलेल्या अभ्यासात खर्च ५४ लाख रुपयांच्या आसपास आणि परतफेड पाच वर्षांच्या आत असल्याचे दिसले. वीजबचतीचे प्रमाण एम्पायर स्टेटपेक्षा बरेच कमी होते, हेही सांगितले पाहिजे. मुंबईच्या दमट हवेत आणि मर्यादित कामांत तेवढेच शक्य होते. पण त्या इमारतीची मालक कंपनी स्वतःच तिच्यात बसत होती. वीजबिल भरणारा आणि यंत्र विकत घेणारा एकच होता. म्हणून तिथे चर्चा वर्षानुवर्षे चालली नाही.

तिसरा आक्षेप बांधकाम व्यवसायातून येतो, आणि मुंबई-पुण्यात तोच सर्वांत जोरात आहे : जुनी डागडुजी करत बसण्यापेक्षा पाडा आणि आजच्या नियमांप्रमाणे नवी बांधा, नवी इमारत वीज कमीच खाईल. नवी इमारत चालवताना कमी वीज खाते हे बहुधा खरे असते. पण ती उभी करताना सिमेंट, पोलाद, काच, वाहतूक आणि पाडकामाच्या राडारोड्यातून जे उत्सर्जन एका दमात होते, ते त्या वार्षिक बचतीतून फेडावे लागते. अमेरिकेच्या नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशनने केलेल्या अभ्यासात, सरासरी जुन्या इमारतीपेक्षा तीस टक्के कार्यक्षम अशी नवी इमारत असली तरी हे ऋण फिटायला इमारतीच्या प्रकारानुसार १० ते ८० वर्षे लागतात असे आढळले. येत्या पंचवीस-तीस वर्षांत उत्सर्जन झपाट्याने उतरवायचे असेल, तर आज मोठे ऋण काढून पन्नास वर्षांनी फेडण्यात काय अर्थ? एम्पायर स्टेटच्या सांगाड्यात ५७,००० टन पोलाद आणि भिंतींत सुमारे एक कोटी विटा आहेत. ते सगळे नव्याने ओतण्याची गरज पडली नाही, ही बचत वीजबिलाच्या कुठल्याच रकान्यात दिसत नाही. जिथे सांगाडाच गेलेला आहे, तिथे पाडणे हाच मार्ग, हे मला मान्य आहे. पण जादा चटईक्षेत्राच्या लोभाने सुदृढ सांगाडा धोकादायक ठरवला जातो तेव्हा त्याला पर्यावरणाचे नाव देऊ नये.

माझ्या मूळ म्हणण्यावरच घेता येईल असा आक्षेपही आहे. १९६१ ते २००२ या काळात एकत्रित असे काही झाले नाही याचे कारण मालकीचा गुंता नसून वीज स्वस्त होती आणि हवामानाची चिंता कोणाला नव्हती, असे कोणी म्हणेल. यात तथ्य आहे. पण १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत ऊर्जेचे भाव भडकले, कार्यक्षम इमारतींवर सरकारी संशोधन झाले, नियम बदलले, आणि तरीही या इमारतीची संपूर्ण तपासणी कोणी केली नाही. १९९० च्या दशकात खिडक्या बदलण्याइतका खर्च झाला, पण त्याला जोडून शीतयंत्रांचा विचार झाला नाही. भावाने आणि काळजीने इच्छा निर्माण होते. ती अमलात आणायला एक हात लागतो. २०१३ मध्ये याच वाटेवरचा शेवटचा टप्पा आला, जेव्हा ३,३०० हिस्सेदारांच्या समूहाची आणि माल्किन कुटुंबाच्या इतर मालमत्तांची मिळून एम्पायर स्टेट रिअ‍ॅल्टी ट्रस्ट ही नोंदणीकृत कंपनी झाली आणि तिचे समभाग न्यूयॉर्क शेअर बाजारात आले. काही जुन्या हिस्सेदारांनी त्याला न्यायालयात विरोध केला. दरसाल खात्रीचा वाटा मिळवणाऱ्या माणसाला समभाग नको वाटणे स्वाभाविक होते, आणि त्यांची बाजू क्षुल्लक नव्हती.

एवढे होऊनही भाडेकरू उरतोच. इमारतीतली बरीचशी वीज कचेऱ्यांच्या आत, दिव्यांवर आणि संगणकांवर जाते. आठ उपायांपैकी काही तर भाडेकरू बदलेल तेव्हाच अमलात येणारे होते. त्यासाठी जागेगणिक वेगळे मीटर, कचेरी सजवताना पाळायचे ऊर्जानियम आणि आपला वापर भाडेकरूला स्वतः पाहता येईल अशी सोय, या गोष्टी करारात आल्या. बांधकाम क्षेत्रातल्या स्कान्स्का कंपनीने ३२ व्या मजल्यावरची आपली कचेरी अशा रीतीने सजवून दाखवली. व्यापक पातळीवर न्यूयॉर्क शहराने २०११ मध्ये भाडेकरारात घालता येईल असे एक कलम तयार केले : मालकाने ऊर्जाबचतीसाठी केलेला खर्च भाडेकरूकडून वसूल करता येईल, पण दर वर्षी अंदाजित बचतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच. अंदाज थोडा चुकला तरी भाडेकरूचे नुकसान होऊ नये म्हणून २० टक्क्यांची जागा राखलेली. या कलमाइतके न्याय्य आणि साधे काही मला या सगळ्या इतिहासात दिसत नाही. मुंबईतल्या व्यापारी भाडेकरारांत असे कलम आले, तर मालकाने स्वस्तातले वातानुकूलन बसवायचे आणि भाडेकरूने त्याचे बिल भरत राहायचे, हा क्रम मोडू शकेल. त्यासाठी नवा कायदाच हवा असे नाही. दोन्ही बाजूंच्या वकिलांनी एक परिच्छेद लिहिला तरी पुरे.

काम पुरे झाल्यावर काय झाले? जॉन्सन कंट्रोल्सने बचतीची हमी लिहून दिली होती. हमीपेक्षा कमी वाचले तर फरक कंपनीने भरायचा. पहिल्या पूर्ण वर्षात, २०११ मध्ये, हमीपेक्षा पाच टक्के जास्त बचत झाली, सुमारे २४ लाख डॉलरची. पहिल्या तीन वर्षांत मिळून सुमारे ७५ लाख. २०११ मध्येच इमारतीला लीड हे हरित इमारतींचे सुवर्ण मानांकन मिळाले. मानांकनापेक्षा मला हमी महत्त्वाची वाटते, कारण हमीत वर्षानुवर्षे मोजावे लागते. मोजणीची ही सवय पुढे शहरालाही लागली. न्यूयॉर्कमधले सुमारे दोन तृतीयांश उत्सर्जन इमारतींतून होते. २०१९ मध्ये शहराने २५,००० चौरस फुटांहून मोठ्या बहुतेक इमारतींच्या उत्सर्जनावर मर्यादा घालणारा कायदा केला. मर्यादेपलीकडच्या प्रत्येक टनाला २६८ डॉलर दंड. मर्यादा २०२४ पासून लागू झाली आणि २०३० मध्ये ती बरीच आवळली जाणार आहे. त्या आवळलेल्या मर्यादेत ३८ टक्के पुरे नाहीत. एम्पायर स्टेटला लागणारी वाफ रस्त्याखालच्या वाहिन्यांतून येते आणि ती मुख्यतः नैसर्गिक वायू जाळून होते. खिडकी कितीही चांगली केली तरी ती वाफ स्वच्छ होत नाही. इमारतीत वाया जाणारी उष्णता पकडून विजेवरच्या उष्णतापंपांनी परत वापरायची, की वाहिन्यांतली वाफच वेगळ्या इंधनावर करायची, हे आता ठरवायचे आहे. यातले पहिले काम मालकाच्या हातचे आहे. दुसरे शहराच्या वाफकंपनीच्या हातचे, आणि त्याचा खर्च कोणाच्या बिलात येणार यावर न्यूयॉर्कमध्ये वाद सुरू आहे.